कुसुंब्याला राख चालत नाही

आरमोरीत सुगंधाबाईचं घर कुणाला विचारावं लागत नसे. वारा त्या बाजूचा असला की बाजारापर्यंत वास यायचा. एरंडेल तेल, शेळीच्या लेंड्या आणि त्यात दिवसचे दिवस मुरत पडलेलं सुती कापड, या तिघांचा मिळून एक दर्प होतो. तो एकदा नाकात गेला की जेवणापर्यंत निघत नाही. त्यावरून गावातल्या प्रत्येकानं तिच्या नावाची थट्टा एकदा तरी केलेली होती, आणि प्रत्येकाला वाटे की ही गंमत आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. सुगंधाबाईला त्या वासाचं काही नव्हतं. वास आला नाही तर लाल रंग बसत नाही, एवढं तिला पुरे होतं. तिला वैताग होता तो माणसांचा.

माणसांना वाटे, रंग म्हणजे रंग. शेजारणीच्या कोशाच्या लुगड्यावर पळसफुलांचा पिवळा पाहायचा, आपलं सुती लुगडं काखेत मारून यायचं आणि म्हणायचं, "असाच पाह्यजे." आता कोशाला रंगाची भूकच असते. किड्यानं तोंडातून काढलेला धागा तो. फुलं उकळा, तुरटी टाका, कापड बुडवा, की तो पीत सुटतो आणि प्यालेलं सहजी सोडत नाही. कापूस मात्र हट्टी पोरासारखा तोंड मिटून बसतो. त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात घाला, तेल पाजा, उन्हात टाका, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा, तेव्हा कुठे तो आलीच्या मुळांचा लाल अंगाला लावून घेतो. पण एकदा लावून घेतला की लुगडं फाटेल, रंग जायचा नाही. त्याच कापसावर पळसाचा पिवळा चार धुण्यांत पळून जातो. आणि हळदीचं तर बोलूच नये. हळद कशावरही बसते आणि ऊन दिसलं की उठून चालायला लागते. हे सगळं सुगंधाबाईनं आरमोरीच्या बायांना सांगून सांगून घसा कोरडा केला होता. बाया ऐकून घेत, मान हलवत, आणि शेवटी म्हणत, "ते सारं खरं हाय वं बाई, पण असाच पिवळा दे."

त्यात तिचा नवरा डोमाजी. रंगवायचं काम तिचं आणि गिऱ्हाइकाकडून कापड घ्यायचं काम त्याचं, अशी वाटणी होती, आणि डोमाजीला जन्मात कधी 'नाही' म्हणता आलेलं नव्हतं. घोंगडी आणा, धोतर आणा, चांद्याच्या बाजारातून कुणी गळ्यात मारलेलं नकली रेशीम आणा, डोमाजी कापड हातात घेऊन प्रेमानं म्हणे, "होते ना! काऊन नाई होणार?" गिऱ्हाईक खूश होऊन जाई आणि सुगंधाबाई कपाळावर हात मारून घेई.

असंच एकदा धानाच्या अडत्याची बायको झुळझुळीत पातळ देऊन गेली. अस्सल रेशीम आहे, कुसुंबी करून द्या म्हणाली. सुगंधाबाईनं काठातला एक धागा ओढला आणि चुलीतल्या निखाऱ्याला लावला. कोशाचा धागा जळताना आक्रसतो, केस जळल्यासारखा वास येतो. हा धागा कागदासारखा भुर्रकन जळून गेला.

"हे रेशीम नाई. झाडाच्या लगद्याचं हाय हे. ओलं झालं का याचा जीव जाते," ती म्हणाली.

"मी तं होते म्हणून सांगतलं तिले," डोमाजी म्हणाला.

मग ते पातळ तान्ह्या बाळासारखं चार हातांनी तोलत, न पिळता, न आपटता रंगवावं लागलं. रंग आला. अडतीणबाईनं घरी नेऊन ते पहिल्याच धुण्याला दगडावर आपटलं, आणि मधोमध फाटलेलं पातळ घेऊन भांडायला आली ती सुगंधाबाईशीच.

अशा संसारात आणि अशा धंद्यात राहून सुगंधाबाईच्या तोंडाला धार आली, यात नवल नाही. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देण्याइतका धीर तिच्यात उरला नव्हता. कुणी तोंड उघडलं की पुढचं सारं आपल्याला ठाऊक आहे असं धरूनच ती उत्तर देई. आणि बहुतेक वेळा ते तिला खरोखरच ठाऊक असे, हीच तर अडचण होती.

जातीनं ही मंडळी कोष्टी. पण डोमाजीच्या बापानं माग सोडून रंगाचं भांडं धरलं, तेव्हापासून लोक त्यांना रंगारीच म्हणत. मूल एकच, वच्छला. हाताशी आल्यापासून ती आईच्या बरोबरीनं हिरडा कुटत होती, कापडं खळबळत होती. डोमाजी सगळ्यांना हो म्हणे, सुगंधाबाई सगळ्यांना नाही म्हणे, आणि वच्छला काहीच म्हणत नसे. शहाणी पोर आहे असं सगळे म्हणत. सुगंधाबाईलाही तसंच वाटे.

पंचावन्न सालच्या वैशाखात वच्छलाचं लग्न झालं. वैनगंगेच्या पल्याड, ब्रह्मपुरीच्या अलीकडे एका गावात सोनीबाई नावाच्या कोष्टणीचं घर होतं. नवरा मेल्यावर तिनं एकुलत्या नथ्थूला वाढवलं ते मांडीवर कोशाचा धागा वळून वळून. मांडीची कातडी घट्टे पडून टणक झालेली, पण धागा असा निघे की बोटाला लागत नसे. सोनीबाईनं सुनेसाठी धागा काढला, नथ्थूनं तो विणला, आणि लुगडं रंगवायला विहिणीकडे आलं. निरोप एवढाच होता, लाल द्या.

आता लाल म्हणजे कोणता? डोमाजी म्हणाला, "आल दे. पक्की राहीन." जन्मात एकदा त्यानं शहाणपणाची गोष्ट सांगितली, तर सुगंधाबाईनं ती उडवून लावली. कोशावर आल विटकरी दिसते. माझी पोर विटकरी लुगडं नेसून सासरी जाणार नाही, ती म्हणाली, आणि तिनं कुसुंबा काढला. करडईच्या फुलांचा तो रंग. कोशावर चढला की पहाटेच्या वेळी आभाळाची कड पेटते तसा दिसतो. रंगांत त्याच्याइतका देखणा नाही आणि त्याच्याइतका नाजूकही नाही. ऊन सोसत नाही, साबण सोसत नाही, आणि राखेच्या पाण्याशी तर त्याचं उभं वैर.

निघताना पोर रडत होती, डोमाजी रडत होता, आणि सुगंधाबाई पोरीच्या दंडाला धरून सांगत होती, "सावलीत वाळवजो. साबण नाई. राख तं दाखवजो पण नको. आयकलं का?" वच्छलानं रडत रडत मान हलवली. सोनीबाई तिथेच दोन हातांवर उभी होती. पण तिला काही सांगितलं नाही. कोष्टणीच्या जातीला कोसा कसा धुवायचा हे आपण शिकवायचं म्हणजे तिचा अपमान, असं सुगंधाबाईला वाटलं. आयुष्यात एकदाच तिनं तोंड आवरलं, ते नेमकं नको तिथे.

दिवाळी तोंडावर आली आणि एका दुपारी वच्छला दारात उभी राहिली. बरोबर नथ्थू नाही, कुणी नाही. डोंग्यानं नदी ओलांडून, पुढे ओळखीच्या कुणाच्या तरी बैलगाडीतून आली होती. शेजारच्या बायांना वाटलं, पोर दिवाळसणाला आली. सुगंधाबाईला पोरीच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही. वच्छलानं गाठोडं सोडलं आणि आतलं लुगडं आईपुढे ठेवलं.

ते लुगडं वाळल्या गवताच्या रंगाचं होतं. मागावरून उतरलं तेव्हा होतं तसं, कोरं. लालाचा एक धागा शोधून सापडला नसता.

सुगंधाबाईनं ते नाकाशी नेलं. "राख," ती म्हणाली.

"हो माय. आत्याबाईनं मंडईसाठी—"

"सोनीबाईनं! राखेत! कोष्टणीच्या पोटी जल्मली, कोष्ट्याच्या घरी नांदली, आन् इतकी अक्कल नाई?"

"माय, आयक तं. त्यायनं म्हटलं का मायले इचारून ये, आन् मंग—"

"मले इचारून ये? मले? माह्या रंगाले नाव ठेवून राह्यली ती? कच्चा रंग दिला म्हणून पोरगी वापस धाडली? मीच इचारतो तिले!"

वच्छलाचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं, मग मिटलं. सुगंधाबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, डोक्यावर पदर घेतला आणि पायात वहाणा सरकवल्या. डोमाजी दारात आडवा आला.

"पोरीचं आयकून तं घे वं. तू भांडून आली तं पोट्टी इथीच राहीन जल्मभर."

"राहू दे! माह्या घरी जड नाई झाली ती," सुगंधाबाई म्हणाली. पण म्हणताना तिला दिवाळीनंतरची मंडई, ती जत्रा आठवली. मंडईच्या दिवशी अख्खी पंचक्रोशी एकत्र येते, नवी सून कुठे आहे ते पाहते. तोवर वच्छला परत गेली नाही, तर सोडलेली म्हणून तिचं नाव घेतलं जाईल, आणि ते नाव कुठल्याही राखेनं निघायचं नाही. हे तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती जास्त चिडली होती.

वैनगंगेचं पाणी ओसरत आलं होतं. डोंग्यात बसल्या बसल्या तिनं आपलं भाषण मनात तीनतीनदा घोळवलं. डोंगेवाल्यानं 'पोरगी बरी हाय का?' म्हणून विचारलं, तर त्याच्यावर डाफरली.

सोनीबाईच्या अंगणात चुलीवर मडकं चढलं होतं आणि त्यात राखेच्या पाण्यात कोसे शिजत होते. विहिणीला पाहून ती उठली, हात पुसले, पाण्याचा गडवा भरून आणला.

"पाणी नाई पाह्यजे," सुगंधाबाई उभ्यानंच म्हणाली. विहिणीच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे भांडणाला तोंड लागलं, हे दोघींनाही ठाऊक होतं. सोनीबाईनं गडवा खाली ठेवला.

मग सुगंधाबाई सुरू झाली. कुसुंबा म्हणजे काय, त्याची फुलं वेचताना बोटात काटे कसे मोडतात, पिवळा धुवून काढता काढता कंबर कशी मोडते, आणि एवढं करून आणलेला रंग एका मडक्यात कुणी कसा बुडवू शकतं. पोरीला हाकललं ते रंगासाठी की हुंड्यासाठी. कोष्टणीला कोसा धुवायचं कळत नसेल तर तिनं सरळ भाजी विकावी. सगळं बोलली. सोनीबाई ऐकत राहिली. एकदाही मध्ये बोलली नाही. असं सुगंधाबाईच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. समोरून कुणी अडवलं की तिला जोर चढे. इथे अडवणारंच कुणी नाही म्हटल्यावर तिचे शब्द एकेक करून संपले आणि ती नुसतीच उभी राहिली.

"झालं का, इहीनबाई? आता मी बोलू?" सोनीबाई म्हणाली.

सुगंधाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"लगनापासून ते लुगडं पेटीतच होतं. नेसत नव्हती पोट्टी. मायनं हे नको म्हटलं, ते नको म्हटलं, म्हणे. म्हटलं मंडईले नेसव तिले, गावाले दिसू दे नथ्थूची बायको. पेटीतला वास येऊन राह्यला होता, म्हणून म्हटलं मी धुवून देतो. सुनेचं लुगडं सासू धुवते का कुठी? मी धुतलं. आघाड्याची राख घेतली. माह्या सासूनं शिकवलेली. चांगल्यातल्या चांगल्या कोशालेच वापरतो मी ते. नथ्थूच्या शेल्याले पण नाई वापरली."

ती थांबली. मडक्यातले कोसे तिनं काठीनं उगाच खाली दाबले.

"वच्छला बाजूलेच उभी. पाणी लाल होऊन राह्यलं, मी पिळून राह्यली. म्हटलं, वच्छला, हे का होऊन राह्यलं वं? तं म्हणे, राखेनं जाते आत्याबाई. म्हटलं, तुले मालूम होतं? तं म्हणे, हो. हो म्हणे! गल्लीतल्या बाया आल्या, हासल्या. माह्याच हातचा धागा, माह्याच पोराचं इणलेलं, आन् मीच त्याचा सत्यानाश करून राह्यली, आन् सून उभी राहून पाहून राह्यली. मंग मी का समजाव, इहीनबाई? मले येडी बनवाले उभी होती का? म्हटलं जा, मायले इचारून ये, असं तिनंच शिकवलं का. उत्तर घेऊन ये. नाई तं येऊ नको."

"तिले मालूम होतं?" एवढंच सुगंधाबाई पुटपुटली, आणि पाणी न पिताच मागे फिरली. आता तिला ते पाणी हवं होतं, पण मागायला तोंड राहिलं नव्हतं.

नदी ओलांडेपर्यंत तिचा सारा राग पोरीकडे वळला. मालूम होतं आणि उभी राहिली! दगडाला बोलता आलं असतं तर तोही ओरडला असता. हे डोमाजीचं रक्त. हिलाही कुणाला नाही म्हणता येत नाही. नवऱ्यानं डोक्यावर मिरे वाटले ते कमी होते, म्हणून आता पोर!

घरी आली तर वच्छला अंगणात भांड्यातलं कापड काठीनं हलवत होती. सांगितल्याशिवायच कामाला लागली होती.

"तुले मालूम होतं," सुगंधाबाई म्हणाली.

"हो."

"मंग तोंड शिवलं होतं का तुह्यं? 'राख नको' इतकंच म्हणाले का जात होतं? घाबरली असशीन. नाई तं माह्या मायचं चुकू नाई, म्हणून चूप राह्यली असशीन. का मंग खरंच तिले—"

"नाई," डोमाजी म्हणाला.

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या. तो ओट्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आता तू नाई बोलायचं," तो बायकोला म्हणाला. "तिले बोलू दे."

वच्छलानं काठी भांड्यातून काढली आणि हातातच धरून ठेवली. सुगंधाबाईच्या जिभेवर दहा वाक्यं आली आणि तिनं ती दातांखाली धरली.

"त्यायचे हात चालू होते, माय," वच्छला म्हणाली. "चालू हातात बोलायचं नाई, तूच म्हटलं होतं. लहान होती मी. तू आलीच्या भांड्यात लुगडं टाकून राह्यली होती आन् त्याले हिरडा द्यायचा राह्यला होता. मले दिसलं. मी म्हटलं, माय. तं तू खेकसली, चालू हातात बोलू नको म्हणून. मी चूप राह्यली. मंग लुगडं बिघडलं. मंग तू मले मारलं, का तुले दिसत होतं तं सांगतलं काऊन नाई म्हणून."

भांड्यातलं पाणी रटरटत होतं.

"बोललं तं खेकसते, नाई बोललं तं मारते. चूप राहणं सोपं वाटलं मले. तवापासून मी कोणाच्याच चालू हातात नाई बोलत. आत्याबाई इतक्या मायेनं चोळत होत्या ते लुगडं, आन् मी तोंड उघडू उघडू करतच राह्यली. तेवढ्यात पाणी लाल झालं."

सुगंधाबाईनं आठवून पाहिलं. तिला काहीच आठवलं नाही. बिघडलेली लुगडी पुष्कळ होती, पोरीला मारल्याचे दिवसही असतील. त्यातला हा कोणता, हे तिला सांगता येईना. हे खोटं आहे असं ओरडावंसं वाटलं, आणि खोटं नाही हे पोरीच्या हातातल्या काठीकडे पाहूनच कळत होतं. लेकरू इतकी वर्षं ते घेऊन हिंडलं आणि आईच्या तो प्रसंग लक्षातही नव्हता. तिला स्वतःची भयंकर चीड आली, आणि स्वतःवर डाफरायचं कसं ते माहीत नसल्यामुळे ती ओट्यावर डोमाजीच्या शेजारी मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं वाळवून ठेवलेल्या कुसुंब्याच्या फुलांची मडकी खाली काढली, शेजारणीच्या झाडाची लिंबं तोडून घेतली आणि पोरीला घेऊन पल्याड गेली. डोमाजीही आला. कुणी या म्हटलं नव्हतं, पण आला.

सोनीबाई अंगणात होती. सुगंधाबाई आत गेली आणि तिनं पहिल्यांदा पाणी मागून घेतलं. प्याली. मग म्हणाली, "उत्तर आणलं इहीनबाई. तिले मीच शिकवलं. तुमाले येडं बनवाले नाई, चूप राहाले शिकवलं. मारून शिकवलं. आन् राखेचं तुमाले सांगाले पाह्यजे होतं, ते मी नाई सांगतलं. तुमच्यात आन् तिच्यात काई वाकडं नाई. वाकडं हाय ते माह्यात हाय."

एवढं बोलून तिला धाप लागली. सोनीबाईनं तिच्या हातातला रिकामा गडवा घेतला. मग वच्छलाकडे पाहिलं. "खरं का?" तिनं विचारलं. वच्छलानं मान हलवली. सोनीबाई वाट पाहत राहिली, तेव्हा वच्छला तोंडानं म्हणाली, "खरं हाय."

"मंग आता या लुगड्याचं का करायचं?"

"ती रंगवन," सुगंधाबाई म्हणाली. "मी हात नाई लावत."

वच्छलानं फुलं भिजवली, फडक्यात बांधून पाण्याखाली तुडवली. पिवळं पाणी वाहून गेलं, पुन्हा तुडवली. पिवळा सगळा सुटल्यावर ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, राख द्या. तुमची ते आघाड्याची."

"राख?" सोनीबाई दचकली.

"फुलातून लाल राखेनंच निघते. मंग निंबू पिळला का कापडावर बसते."

सोनीबाईनं राख आणून दिली, पण तिचं डोकं तापलं होतं. "जे राखेनं निघते ते राखेनंच जाईन, नाई तं का होईन? असा रंग देते का कोणी पोरीच्या लगनात? पक्का काऊन नाई दिला?"

सुगंधाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आलीचा लाल कोशावर विटकरी दिसतो, हे सांगायचं होतं. पण बोलायच्या आधीच तिच्या लक्षात आलं की आरमोरीच्या बायाही टिकायचं सोडून दिसण्याचंच पाहत, 'असाच दे' म्हणत, आणि ती त्यांना मूर्ख म्हणत असे. तिनं तोंड मिटलं. डोमाजी खाली मान घालून काहीतरी शोधत होता. बहुतेक हसू लपवत होता.

राखेनं पाणी लाल झालं. वच्छलानं त्यात लिंबं पिळली, पाणी फेसाळलं, आणि तिनं ओलं लुगडं आत सोडलं. रंग चढू लागला. सुगंधाबाई लांब बसून पाहत होती, आणि तिला दिसलं की पदराचं एक टोक दुमडून पाण्याच्या वर राहिलं आहे. तिथे रंग पोचत नव्हता. आणखी थोडा वेळ तसंच राहिलं तर तिथे फिकट डाग राहणार, आणि कुसुंब्याचा डाग मागाहून रंग देऊन बुजत नाही. पोरीचे हात दुसऱ्या टोकाला होते.

एक शब्द पुरला असता. तो तिच्या घशापर्यंत आला. पण वच्छला सासूला काही तरी सांगत होती. कापड का हलवत राहावं लागतं, ते सांगत होती. अडखळत, हातवारे करत, तिच्या आईनं कधीच ऐकले नव्हते इतके शब्द एका दमात. आणि सोनीबाई ऐकत होती. सुगंधाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डाग पडू दिला.

मंडईच्या दिवशी सोनीबाईचं सारं गाव मैदानात जमलं होतं. रात्रीच्या दंडारीच्या नाचगाण्यासाठी खांब रोवले जात होते, मिठाईची दुकानं लागली होती. सुगंधाबाई आणि डोमाजी एका बाजूला बसले होते. आरमोरीची एक ओळखीची बाई जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीचं लुगडं लय गोड दिसते, पण पदरावर तो पांढरा ठिपका का हो? तुमच्या हातचं काम असं नाई राहत."

"माह्या हातचं नाई ते. पोरीनं रंगवलं," सुगंधाबाई म्हणाली.

गर्दीत समोरून सासू-सून येत होत्या. सोनीबाई सुनेला कुठल्यातरी दुकानाकडे ओढत काही सांगत होती, आणि वच्छलानं तिला मध्येच तोडलं, हात हलवून म्हणाली, "नाई आत्याबाई, तिकडं नाई, इकडं." सोनीबाई तोंड वाकडं करून तिच्यामागे इकडे वळली. पदरावरचा डाग उन्हात लख्ख दिसत होता. तो सुगंधाबाईच्या डोळ्यांत खुपत होता आणि जन्मभर खुपणार होता, आणि तरी पोर दिसेनाशी होईपर्यंत तिनं नजर काढली नाही.